ध्रुवाची उंची आणि सप्तर्षींचे घड्याळ

लहानपणी गोव्याच्या किनाऱ्यावरून मी पाहिलेला ध्रुवतारा माडांच्या शेंड्यांना टेकल्यासारखा दिसे. पुढे नोकरीनिमित्त बालाघाटास आलो, तेव्हा तोच तारा क्षितिजापासून बराच वर चढलेला आढळला. तारा आपल्या जागी अढळच होता. जागा बदलली होती ती माझी.

विषुववृत्तावर उभ्या असलेल्या माणसास ध्रुव क्षितिजाला टेकलेला दिसतो, तर उत्तर ध्रुवावर तो थेट डोक्यावर येतो. उत्तरेकडे सुमारे १११ किलोमीटर गेले की तो एक अंश वर चढतो. म्हणून ध्रुवाची उंची जितके अंश, तितकाच त्या स्थळाचा अक्षांश होय. पणजीचा अक्षांश सुमारे १५॥ व बालाघाटचा सुमारे २१॥। आहे. सव्वासहा अंशांचा हा फरक म्हणजे मी सुमारे ७०० किलोमीटर उत्तरेस आलो, असे आकाशच सांगत होते.

ही उंची मोजण्यास कंपासपेटीतील कोनमापक पुरतो. त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली खडा लोंबकळत ठेवावा. सरळ कड वर धरून तिच्या रेषेत ध्रुव पाहावा. दोरा ९० च्या खुणेपासून जितके अंश सरकेल, तितकी ताऱ्याची उंची. माझे पहिले उत्तर २४ अंश आले. म्हणजे मी स्वतःला जबलपूरच्याही पलीकडे नेऊन ठेवले! हात कापतो, म्हणून पाच वेळा मोजून सरासरी घ्यावी. शिवाय ध्रुवतारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून अर्ध्या अंशाहून थोडा अधिक दूर आहे, हेही विसरू नये.

पृथ्वीवर जसे अक्षांश व रेखांश, तसे आकाशात क्रांती व विषुवांश. स्वाती नक्षत्राच्या ताऱ्याची क्रांती उत्तर १९ अंश आहे. तो आपल्या याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे दक्षिणोत्तर रेषेवर, येतो तेव्हा माथ्यापासून सुमारे २॥। अंश दक्षिणेस असतो. दोहोंची बेरीज केली की पुन्हा २१॥। हाच अक्षांश मिळतो. माथ्याजवळच्या ताऱ्यांचे किरण हवेमुळे फारसे वळत नाहीत, म्हणून विल्यम लॅम्बटन याने भारताच्या मोजणीत असेच तारे निवडले होते. १८०२ साली मद्रासजवळ सुरू झालेले ते काम करीत तो उत्तरेकडे सरकत राहिला, आणि १८२३ च्या जानेवारीत आपल्या शेजारच्या विदर्भात, हिंगणघाट येथे, मरण पावला. जॉर्ज एव्हरेस्ट याने ती मोजणी पुढे हिमालयाच्या पायथ्याशी नेली.

आता वेळेचे पाहू. सप्तर्षींतील क्रतु व पुलह हे दोन तारे ध्रुवाची दिशा दाखवितात. ही जोडी ध्रुवाभोवती घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, तासाला १५ अंश, फिरते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रात्री दहाच्या सुमारास ती ध्रुवाच्या बरोबर वर असते. दररोज ती चार मिनिटे आधी तेथे पोहोचते. म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात आठलाच. तारीख ठाऊक असली व ती जोडी किती अंश कलली आहे हे मोजले, की वेळ सांगता येते.

मात्र ही वेळ आपल्या गावची. भारतीय प्रमाणवेळ ८२॥ रेखांशावरची आहे, आणि बालाघाट सुमारे ८०। वर. दर अंशास चार मिनिटे या हिशेबाने आकाशात दहा वाजतात, तेव्हा मनगटावरच्या घड्याळात दहा वाजून नऊ मिनिटे झालेली असतात. ही नऊ मिनिटे ज्याने स्वतः ताडून पाहिली, त्याला आपला रेखांशही सापडला.

नकाशातील आकडे खरेच असतात. परंतु ते कोणीतरी रात्री जागून मोजलेले असतात. एखाद्या निरभ्र रात्री वैनगंगेकाठी मोकळ्या जागी वडील मंडळींसह जा, आणि आपले गाव पृथ्वीवर कोठे आहे ते स्वतःच्या हाताने मोजून पाहा. उत्तर अंशभर चुकले तरी हरकत नाही. ते तुमचे स्वतःचे असेल.