भावकीचा मेळावा : आधी काय ठरवावे?



गळीत हंगाम आटोपला, तोडणीच्या टोळ्या आपापल्या गावी परतल्या, की चैत्र-वैशाखात शेतकऱ्याला थोडी उसंत मिळते. नोकरदार मंडळीही सुट्टीला गावी येतात. याच दिवसांत घरोघरी विषय निघतो, ‘एकदा सगळी भावकी एकत्र बोलवूया.’ पण विषय निघतो नि तिथंच राहतो. नाहीतर मेळावा भरतो आणि भांडणात उठतो. एकाच आजोबांची नातवंडं आज चार गावांत पांगली आहेत. त्यांची गाठ पडते लग्नात, नाहीतर तेराव्याला. आणि तिसरी गाठ पडते ती तहसील कचेरीच्या व्हरांड्यात! ही तिसरी गाठ टळावी, म्हणून आम्हाला या मेळाव्याचं मोल वाटतं. त्यासाठी चार गोष्टी आधी ठरवाव्यात.

पहिली गोष्ट तारखेची. गावच्या यात्रेचा दिवस धरू नये. त्या दिवशी ज्याच्या-त्याच्या घरी पाहुणे असतात. दाट लग्नतिथीही टाळावी. पुण्या-मुंबईच्या मंडळींना रविवार हवा असतो, तर गावाकडच्याला पाण्याची पाळी सांभाळायची असते. भर उन्हाळ्यात उसाचं एक पाणी चुकलं तर मेळावा महागात पडतो. तेव्हा पाळी बघूनच रविवार पक्का करावा आणि महिनाभर आधी कळवावं. एरवी फोनवर निरोप चालेल. पण वडीलधाऱ्यांकडं आणि ज्याच्याशी बोलणं बंद आहे त्याच्याकडं माणसानं स्वतः जावं.

दुसरी गोष्ट खर्चाची. थोरल्यानं एकट्यानं सगळा बोजा उचलू नये. तसं झालं की पुढच्या साली दुसरा कोणी पुढं येत नाही. चुलीमागं सारखी वर्गणी ठरवावी. ज्याला रोख जमत नाही त्यानं तांदूळ, गूळ नाहीतर जळण द्यावं, आणि त्याची नोंद त्याच वहीत व्हावी. बेत साधा असावा, पण आचारी जरूर लावावा. नाहीतर घरच्या सुनांचा मेळावा चुलीपुढंच होतो. हिशेब त्याच दिवशी सगळ्यांपुढं वाचावा. सहकारानं आपल्याला तेवढं शिकवलंच आहे.

तिसरी गोष्ट वंशावळीची. म्हाताऱ्या माणसांना विचारून ती मोठ्या कागदावर लिहावी आणि मांडवात लावावी. जुन्या फेरफारांत नावं सापडतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांतही घराण्यांची नावं पिढ्यान्‌पिढ्या लिहिलेली असतात. लेकींची नावं मात्र गाळू नयेत.

चौथी गोष्ट बोलण्याची. बांध, विहीर, वाट हे विषय पंगतीत काढायचे नाहीत, असं आधीच सर्वांना सांगावं. तंटा असेल तर दोन्ही बाजूंना मान्य अशी दोन माणसं नेमून त्यासाठी वेगळा दिवस ठरवावा. एक काम मात्र करूनच उठावं. कारखान्याचा शेअर अजून मयत आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंदीचं ठरवावं. नोंद झाल्याशिवाय वारसाला त्या शेअरवर मत देता येत नाही. मृत्यूचा दाखला कोणाकडं आहे, अर्ज कोण नेणार, हे तिथंच नक्की करावं. हयात सभासदांनी आपलं वारस-नामनिर्देशन भरलं आहे का, तेही पाहून घ्यावं.

आता एक कडू पण गरजेची गोष्ट. काही ठिकाणी बहिणींना अगत्यानं बोलावतात, साडी-चोळी करतात, आणि निघताना हक्कसोडपत्राचा कागद पुढं ठेवतात. २००५ च्या कायदा दुरुस्तीनं वडिलोपार्जित जमिनीत लेकीला जन्मतःच मुलाइतका हक्क दिला आहे. ती दुरुस्ती झाली तेव्हा वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली दिला. बहीण राजीखुशीनं हक्क सोडेल किंवा सोडणार नाही, तो तिचा प्रश्न. पण मेळाव्याच्या दिवशी तो कागद काढूच नये. एकदा तसं झालं की दुसऱ्या बोलावण्याला ती येत नाही, आणि भाचरांना मामाचं गाव पारखं होतं.

उसाचा खोडवा चांगला यायचा तर तोडणीनंतर मशागत लागते. नात्याचंही तसंच आहे. तेव्हा घराघरातल्या जाणत्यांनी एक वही घ्यावी, पहिल्या पानावर सगळ्या चुलींची नावं लिहावीत आणि कामाला लागावं.