किराणा खरेदीवरील कॅशबॅक आणि त्यावरील मर्यादा : नाशिकमधील कौटुंबिक खरेदीच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भारतात क्रेडिट कार्डाचा प्रारंभ १९८० मध्ये सेंट्रल बँक ऑफ इंडियाच्या कार्डाने झाला. मात्र किराणा मालाच्या बिलावर काही टक्के रक्कम परत देणारी कार्डे नोकरदार मध्यमवर्गापर्यंत पोहोचली ती अगदी अलीकडे. पगाराचे खाते ज्या बँकेत आहे त्याच बँकेचे कार्ड आणि त्यावर ठळक अक्षरांत छापलेले 'पाच टक्के कॅशबॅक' हे आज महाविद्यालयीन शिक्षकांनाही परिचयाचे झाले आहे. त्याच पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरांत या कॅशबॅकची कमाल मर्यादा दिलेली असते. ही मर्यादा किती रुपयांची आहे हे ग्राहक कधीतरी पाहतो. ती किती कालावधीसाठी आहे याकडे मात्र त्याचे सहसा लक्ष जात नाही. वर्षाचे धान्य एकदाच भरण्याची पद्धत जेथे अजून टिकून आहे, त्या नाशिकसारख्या शहरात हा कालावधीच अधिक निर्णायक ठरतो, हे प्रस्तुत लेखात स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

मर्यादेचे स्वरूप

बँका मर्यादा प्रामुख्याने दोन ठिकाणी घालतात : परत मिळणाऱ्या रकमेवर किंवा ज्या खर्चावर लाभ मिळतो त्या खर्चावर. गणिताच्या दृष्टीने दोन्ही एकच. पाच टक्के दराने ५०० रुपयांची मर्यादा म्हणजे १०,००० रुपयांच्या खर्चाची मर्यादा होय. परंतु वाचणाऱ्याच्या मनावर दोहोंचा परिणाम सारखा होत नाही, आणि जाहिरातीत कोणता आकडा पुढे करायचा हे बँकेच्या हाती असते.

अलीकडील काही उदाहरणे उद्बोधक आहेत. एचडीएफसी बँकेने जानेवारी २०२३ पासून किराणा खर्चावर मिळणाऱ्या रिवॉर्ड पॉइंटांना मासिक मर्यादा घातली. स्टेट बँकेच्या कार्ड कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये आणलेल्या कॅशबॅक कार्डावर आरंभी दरमहा १०,००० रुपयांपर्यंत लाभ मिळत असे. मे २०२३ पासून ही मर्यादा निम्म्यावर आली. आयसीआयसीआय बँकेने १५ नोव्हेंबर २०२४ पासून किराणा व डिपार्टमेंटल स्टोअरमधील खर्चावर, काही उच्च श्रेणीच्या कार्डांसाठी दरमहा ४०,००० रुपये आणि इतर कार्डांसाठी २०,००० रुपये अशी लाभपात्र खर्चाची मर्यादा ठरवली. हे आकडे त्या त्या वेळचे आहेत. बँका अशा अटी वारंवार बदलतात. समान धागा मात्र एक आहे. या सर्व मर्यादा महिन्याच्या आहेत. याउलट अमेरिकन एक्स्प्रेसच्या अमेरिकेतील ब्लू कॅश प्रिफर्ड या कार्डावर सुपरमार्केटमधील वर्षाला ६,००० डॉलरपर्यंतच्या खर्चावर सहा टक्के आणि त्यापुढे एक टक्का अशी अट आहे. तेथे मापनाचे एकक वर्ष आहे.

महिन्याचे माप आणि वर्षाची कोठी

नाशिकमधील अनेक घरांत होळीनंतर गहू येऊ लागला की वर्षाच्या धान्याचा विचार सुरू होतो. तांदूळ इगतपुरीकडचा, डाळी रविवार कारंजा परिसरातील ओळखीच्या दुकानातून, आणि उन्हाळ्यात मिरची व मसाल्याचे साहित्य. एरंडेल चोळून किंवा कडुनिंबाचा पाला घालून धान्य कोठीत भरले की पुढील अनेक महिने किराणा यादी आखूड होते. दिवाळीच्या फराळाने ती पुन्हा एकदा लांबते. थोडक्यात, अशा घराचा खर्च दरमहा समान नसतो. सदनिका लहान झाल्या आणि तयार पिठाच्या पिशव्या आल्या तशी ही पद्धत आक्रसली आहे, परंतु ती संपली असे म्हणता येणार नाही.

उदाहरणादाखल दोन कुटुंबे घेऊ. दोघांचाही किराण्यावरील वार्षिक खर्च १,२०,००० रुपये असून दोघेही सर्व खरेदी एकाच प्रकारच्या कार्डाने करतात. कार्डावर पाच टक्के कॅशबॅक आहे, मर्यादा दरमहा ५०० रुपयांची आहे आणि मर्यादेपुढे काहीही मिळत नाही. पहिले कुटुंब दरमहा १०,००० रुपयांची खरेदी करते. त्यास वर्षाला ६,००० रुपये, म्हणजे पूर्ण पाच टक्के मिळतात. दुसरे कुटुंब मे महिन्यात ३२,००० रुपयांचे वार्षिक धान्य व इतर सामान भरते, दिवाळीच्या महिन्यात १८,००० रुपये खर्च करते आणि उरलेल्या दहा महिन्यांत प्रत्येकी ७,००० रुपये. मे व दिवाळीचे मिळून १,००० रुपये आणि इतर दहा महिन्यांचे ३५० रुपयांप्रमाणे ३,५०० रुपये, असे त्यास एकूण ४,५०० रुपये मिळतात. प्रत्यक्ष दर ३.७५ टक्के झाला. कार्ड तेच, खर्च तेवढाच. फरक १,५०० रुपयांचा.

हे १,५०० रुपये कोठे गेले? दुसऱ्या कुटुंबाने दहा महिने प्रत्येकी १५० रुपयांचा वाव वापरला नाही. तो पुढील महिन्यात जमा होत नाही, महिना संपताच लोप पावतो. हीच मर्यादा वर्षाला ६,००० रुपये अशी असती तर दोन्ही कुटुंबांना समान लाभ झाला असता. बँकेची कमाल देयता दोन्ही प्रकारांत सारखीच राहते. मासिक मापात न वापरलेला वाव मात्र बँकेकडे राहतो. मासिक मर्यादा ही पगाराच्या तारखेला ट्रॉली भरणाऱ्या ग्राहकाला समोर ठेवून आखलेली आहे. कोठी भरणारे घर तिच्या कल्पनेत नाही, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

यावर सुचवले जाणारे उपाय तपासून पाहणे आवश्यक आहे. धान्याची काही खरेदी एप्रिलअखेर करून बाकीची मे महिन्यात करावी, असा सल्ला दिला जातो. एप्रिलमध्ये आधीच ७,००० रुपयांचा खर्च असल्याने वाव ३,००० रुपयांचाच उरतो. लाभ वाढतो तो १५० रुपयांनी. शिवाय काही बँकांचा महिना कॅलेंडरचा असतो, तर काहींचा बिलाच्या तारखेपासून मोजला जातो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२२ च्या निदेशांनी कार्डधारकाला बिलाचा कालावधी बदलून घेण्याचा पर्याय दिला आहे. मात्र त्यामुळे खरेदीची तारीख सोयीच्या महिन्यात बसवता येते एवढेच. महिन्याची मर्यादा त्याने वाढत नाही.

दुसरे कार्ड घेतल्यास मे महिन्यात आणखी ५०० आणि दिवाळीत ४०० असे ९०० रुपये अधिक मिळतील. त्या कार्डाचे वार्षिक शुल्क ५०० रुपये असेल तर १८ टक्के वस्तू व सेवा करासह ५९० रुपये जातात आणि ३१० रुपये हाती राहतात. शुल्क १,००० रुपये असेल तर व्यवहार तोट्याचाच होतो.

याहून गंभीर बाब थकबाकीची आहे. मे महिन्याचे ३२,००० रुपये वेळेवर भरता आले नाहीत आणि मासिक व्याज ३.५ टक्के धरले, तर एका महिन्याचे व्याज १,१२० रुपये व त्यावरील कर मिळून सुमारे १,३२२ रुपये होतात. सामान्य महिन्यांत मिळणारा जवळजवळ चार महिन्यांचा कॅशबॅक एका चुकीत संपतो. जून महिन्यात शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश शुल्क आणि वह्या-पुस्तकांचा खर्च येतो, हे शिक्षकवाचकांना सांगावयास नको.

बँका मर्यादा का घालतात

व्यापारी कार्डाने रक्कम स्वीकारतो तेव्हा त्यास काही शुल्क द्यावे लागते. क्रेडिट कार्डावर ते साधारणतः दीड ते तीन टक्के असते आणि त्यातील एक भाग इंटरचेंज म्हणून कार्ड देणाऱ्या बँकेस मिळतो. तेव्हा पाच टक्के परत देणारी बँक त्या व्यवहारापुरती तोट्यातच असते. हा तोटा ती व्याज, वार्षिक शुल्क आणि नव्या ग्राहकाच्या अपेक्षेवर सोसते. किराणा ही तर दर महिन्याला हमखास होणारी खरेदी. मर्यादा नसेल तर या तोट्यास अंत नाही. त्यात घरगुती कार्डावर दुकानाचा माल भरणे किंवा सुपरमार्केटमधून भेटकूपने घेऊन ती अन्यत्र वापरणे, असे प्रकारही बँकांना रोखावयाचे असतात. युरोपीय संघाने डिसेंबर २०१५ पासून क्रेडिट कार्डावरील इंटरचेंज ०.३ टक्क्यांपुरते मर्यादित केले. जेथे हे उत्पन्नच आटते, तेथे उदार कॅशबॅकला आधार उरत नाही. भारतात डेबिट कार्डांच्या शुल्कावर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून सुधारित मर्यादा घातल्या. क्रेडिट कार्डाचे शुल्क त्यांच्या कक्षेबाहेर राहिले.

व्यापाऱ्याचे शुल्क अखेर मालाच्या किमतीत मिसळते. ती किंमत रोख देणारा ग्राहकही मोजतो, कॅशबॅक मात्र त्यास मिळत नाही. १९७५ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने एकत्रित खरेदी करून सदस्यांना महिन्याचा किराणा पोहोचवण्याची पद्धत उभी केली. तेथे बचत थेट किमतीत होते. महिना संपल्यावर लोप पावणारा वाव तेथे नसतो.

ओळखीचे दुकान आणि कार्ड

वरील उदाहरणात सर्व खरेदी कार्डाने होते असे गृहीत धरले होते. वस्तुस्थिती तशी नाही. प्रत्येक दुकानाला कार्डव्यवहारासाठी चार अंकी वर्गवारी क्रमांक दिलेला असतो. किराणा दुकाने व सुपरमार्केटसाठी तो ५४११ आहे. बँक पिशवीत काय आहे ते पाहत नाही, हा क्रमांक पाहते. दुकानाची नोंद अन्य वर्गात झालेली असल्यास किराणा घेऊनही किराण्याचा लाभ मिळत नाही. आणि गहू थेट शेतकऱ्याकडून घेतला, तर कार्डाचा प्रश्नच उद्भवत नाही. हंगामात क्विंटलमागे २०० रुपये जरी वाचले, तरी तीन क्विंटलमागे ६०० रुपये होतात. मे महिन्याच्या संपूर्ण कॅशबॅकहून ही रक्कम अधिक आहे.

लहान दुकानांत आता बहुधा क्यूआर संकेतावर यूपीआयने पैसे दिले जातात. खात्यातून गेलेल्या या रकमेवर व्यापाऱ्याला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, त्यामुळे बँकेलाही वाटण्यासारखे काही मिळत नाही. २०२२ मध्ये रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयशी जोडण्यास अनुमती मिळाली आणि रविवार कारंजावरील दुकानातही कार्डाने खरेदी करणे तत्त्वतः शक्य झाले. मात्र लहान व्यापाऱ्यांच्या २,००० रुपयांपर्यंतच्या अशा व्यवहारांना शुल्कातून सूट देण्यात आली. दुकानदाराच्या दृष्टीने ही सूट रास्त आहे. परंतु ज्या व्यवहारातून बँकेला शुल्कच मिळत नाही, त्यावर पाच टक्के परत देण्यास बँकेला कारण उरत नाही, आणि वाण्याकडील आठवड्याचे बिल बहुतेक वेळा या २,००० रुपयांच्या आतच असते.