खर्जाची गिटार आणि तिचा संसार

स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवातल्या ऑर्केस्ट्रात तुम्ही एक वादक पाहिला असेल. लांब मानेची, चारच जाड तारांची गिटार घेऊन तो मागे उभा असतो. त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. पण तो वाजवायचा थांबला, की गाण्याचा पायाच निघून गेल्यासारखे वाटते. त्याच्या हातातली ती बास गिटार.

एखादी शाळा वर्गणी काढून अशी गिटार घेते. तिच्याबरोबर अॅम्प्लिफायर म्हणजे विवर्धक आणि स्पीकरची पेटी येते. दोन पावसाळे गेले, की त्यातले निम्मे सामान कोपऱ्यात पडते. दुकानदार वॉटचा आकडा सांगतो, आपण किंमत पाहतो आणि खरेदी होते. खरे तर दहावीपर्यंतच्या विज्ञानात जे शिकवतात, तेवढ्यावर या सामानाची चांगली पारख करता येते. कशी ते पाहू.

बास गिटारची सर्वांत जाड तार मोकळी छेडली, की ती सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. पुढच्या तीन तारांची कंप्रता ५५, ७३ आणि ९८ हर्ट्झ असते. पुरुष गायकाच्या तंबोऱ्यातला खर्जही त्या पहिल्या तारेच्या वरचा असतो. आता हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४५ मीटर धरा आणि त्याला ४१ ने भागा. तरंगलांबी आली जवळजवळ साडेआठ मीटर! तुमच्या वर्गाच्या भिंतींमध्ये ही एक लाट धड मावायची नाही. बासच्या सामानाच्या बहुतेक अडचणी या एका आकड्यातून निघतात.

एक सोपा प्रयोग करा. जुन्या, सेलवर चालणाऱ्या रेडिओतला स्पीकर तारांसकट बाहेर काढा आणि हातात धरून गाणे लावा. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा किरटा येईल. आता मोठ्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन स्पीकरच्या मापाचे भोक पाडा आणि स्पीकर त्या भोकावर घट्ट धरा. ढोलक्याची थाप एकदम भरदार ऐकू येईल. वीज तेवढीच, स्पीकर तोच, मग खर्ज आला कुठून?

तो आधीही होता, पण जागच्या जागी नाहीसा होत होता. स्पीकरचा शंकू पुढे सरकला, की पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. लाट लांब असल्यामुळे पुढच्या हवेला कडेने वळून मागची पोकळी भरून काढायला भरपूर अवधी मिळतो. दाब आणि विरळपणा एकमेकांना खाऊन टाकतात. पुठ्ठ्याने हा वळसा लांबवला. पेटी तेच काम पुरते करते, कारण ती मागचा आवाज कोंडूनच ठेवते. म्हणून बासची पेटी हा शोभेचा भाग नव्हे. साध्या गिटारच्या अनेक अॅम्प्लिफायरांची पाठ उघडी असते. त्यांत बास लावणे म्हणजे पुठ्ठा काढून टाकण्यासारखेच आहे.

काही पेट्यांना पुढून एक भोक किंवा नळी असते. ती वारा येण्यासाठी नसते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली, की एक ठरावीक घू-घू असा स्वर निघतो ना? तेच अनुस्पंदन येथे वापरलेले असते. पेटीतली हवा स्प्रिंगसारखी आणि नळीतली हवा वजनासारखी काम करते. पेटीचे आकारमान आणि नळीची लांबी यांचा मेळ जमवला, की मागचा कोंडलेला आवाज खालच्या स्वरांच्या मदतीला येतो. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ साली या हिशेबाची पद्धतशीर मांडणी केली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ती वाढवली. म्हणून आज पेटी अंदाजाने न बनवता गणिताने बनवता येते. हे कळल्यावर पेटीतल्या नळीत बोळे कोंबण्याचा किंवा फळीला हौसेने नवे भोक पाडण्याचा मोह होणार नाही, अशी आशा आहे.

इतिहासातही हीच झटापट दिसते. अमेरिकेत पॉल टुटमार्क यांनी १९३० नंतरच्या दशकात विजेवर चालणारी, पडद्यांची बास बनवली, पण ती फार पसरली नाही. लिओ फेंडर हे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ होते. त्यांना गिटार वाजवता येत नसे! त्यांची ‘प्रिसिजन बास’ १९५१ साली बाजारात आली. पडद्यांमुळे स्वर नेमका लागतो, म्हणून हे नाव. पुढच्याच वर्षी तिच्यासाठी १५ इंची स्पीकरचा अॅम्प्लिफायर आला. त्या एका स्पीकरला काम झेपेना, तेव्हा थोड्याच वर्षांत त्याच्या जागी १० इंची चार स्पीकर आले. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॉटचा, व्हॉल्व्हवर चालणारा राक्षसी अॅम्प्लिफायर काढला आणि त्याच्या पेटीत १० इंची आठ स्पीकर बसवले.

लहान स्पीकर अनेक का? वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून पाहा. १५ इंची एका स्पीकरचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौरस इंच येते, तर १० इंची चारांचे ३१४. शिवाय आवाज तेवढाच ठेवून स्वर एक सप्तक खाली न्यायचा, तर शंकूला चौपट अंतर हलावे लागते. तीन सप्तके खाली नेला तर चौसष्टपट! क्षेत्रफळ जास्त असेल, तर प्रत्येक शंकूवरचा ताण कमी होतो. नाहीतर शंकू आपल्या मर्यादेबाहेर धावतो, फडफडतो आणि एक दिवस फाटतो.

आता वॉटविषयी. १०० ऐवजी २०० वॉट घेतले, तर आवाज दुप्पट वाटेल अशी कल्पना असते. प्रत्यक्षात फरक पडतो ३ डेसिबलचा. तो कानाला जाणवतो, पण थोडाच. दुप्पट मोठा वाटण्यासाठी शक्ती सुमारे दहापट लागते. म्हणून पेटीच्या माहितीपत्रकात एक वॉट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज मिळतो, तो आकडा आधी वाचा. एका पेटीचा आकडा ९१ आणि दुसरीचा ९७ असेल, तर दुसरी पेटी ५० वॉटमध्ये तेवढे काम करील, जेवढ्यासाठी पहिलीला २०० वॉट लागतील. माझ्या मते शाळेने वॉटवरचे पैसे वाचवून चांगल्या पेटीवर घालावेत.

ओहमचा आकडा मात्र कधीही नजरेआड करू नका. समजा, अॅम्प्लिफायर ४ ओहमला २०० वॉट देतो. सूत्राने त्याचा दाब सुमारे २८ व्होल्ट आणि प्रवाह ७ अँपिअर येतो. त्याला ८ ओहमच्या दोन पेट्या समांतर जोडल्या, की एकूण ४ ओहम होतात, ठीक. उत्साहात तिसरी जोडली, तर रोध पावणेतीन ओहमच्या खाली जातो आणि प्रवाह साडेदहा अँपिअरच्या वर. यात ट्रान्झिस्टर जळू शकतात. व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरची गोष्ट वेगळी. तो स्पीकर न जोडता वाजवला, तर त्याचा ट्रान्सफॉर्मर निकामी होण्याची भीती असते. पेटीला जोडायची वायरही जाड हवी. गिटारची बारीक वायर तिथे वापरू नये, मग दोन्हींची पिन सारखी का असेना.

दोन पेट्या जोडूनही खर्ज पातळ वाटत असेल, तर बहुधा एकीच्या तारा उलट लागलेल्या असतात. पेटी अॅम्प्लिफायरपासून सोडवा. दीड व्होल्टचा सेल तिच्या वायरच्या टोकांना क्षणभर लावा आणि शंकू बाहेर उडी घेतो की आत, ते पाहा. सेलची धन बाजू त्याच टोकाला लावून दुसरी पेटी तपासा. दोन्ही शंकू एकाच दिशेने हलले पाहिजेत.

गिटार निवडताना वजन आणि लांबी पाहा. नेहमीच्या बासची तार ३४ इंच लांब असते. आठवी-नववीच्या मुलांच्या बोटांना ३० इंची बास सोपी जाते. पॉल मॅकार्टनी यांची व्हायोलिनच्या आकाराची प्रसिद्ध बास याच लांबीची. मग बाराव्या पडद्यावर तार दाबून स्वर ऐका. तिथेच तार न दाबता नुसते बोट टेकवून छेडली, की निघणारा स्वर त्याच्याशी तंतोतंत जुळायला हवा. दाबलेला स्वर चढा आला, तर घोडीवरचा तारेचा टेकू स्क्रूने थोडा मागे घ्यायचा असतो.

चार तारांचा एकूण ताण ७० ते ८० किलो वजनाइतका असतो. एक धडधाकट माणूस सतत गिटारच्या मानेला लोंबकळला आहे असे समजा! त्याला तोंड देण्यासाठी मानेच्या आत लोखंडी सळई असते. पावसाळ्यात लाकूड दमट होते, फुगते आणि मान थोडी वाकते. तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबून मध्ये पाहा. पोस्टकार्ड जेमतेम सरकेल एवढी फट असावी. फार असेल, तर सळई जाणत्याकडून, एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही अशी, आवळून घ्यावी. वाजवून झाले, की कोरड्या फडक्याने तारा पुसाव्यात, कारण घामातले मीठ आणि कोकणातली हवा मिळून पोलादाला आठवड्यांत गंजवतात. पेटी फरशीवर न ठेवता फळ्यांवर ठेवावी, म्हणजे ओल आणि वाळवी दोन्ही दूर राहतात.

शेवटी गुणगुणीविषयी, आणि हा भाग शिक्षकांनीही वाचावा. आपली वीज ५० हर्ट्झची. जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावरचा स्वर ४९ हर्ट्झचा आणि मोकळ्या बारीक तारेचा ९८. म्हणजे विजेची गुणगुण थेट बासच्या स्वरांतच येऊन बसते आणि फार खटकते. तारांना हात लावला, की ती बहुधा कमी होते. का? कारण गिटारच्या तारा वायरच्या जाळीतून अॅम्प्लिफायरच्या पत्र्याला आणि तिथून प्लगच्या तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीला जोडलेल्या असतात.

एका शाळेच्या तालमीत मी पाहिले, की ती तिसरी पिन कापून टाकलेली आहे. “त्याने गुणगुण जाते सर,” असे अभिमानाने उत्तर मिळाले. जात होती हे खरे! गिटार आणि माइक यांचे अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या बोर्डांवर होते. दोन अर्थिंगांमधून प्रवाहाचे वेटोळे तयार झाले होते आणि पिन कापल्यावर ते तुटले. पण आता अॅम्प्लिफायरच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर मुलाच्या बोटांखालच्या तारा २३० व्होल्टवर जातील. फ्यूज उडायला काही अँपिअर लागतात. हृदयाची लय बिघडवायला अँपिअरचा काही शतांश भाग पुरतो. दोष कोणत्याही बाजूचा असो, गायकाचे ओठ माइकला आणि हात तारांना लागले, की प्रवाह छातीतून जातो. स्कॉटलंडचे गिटारवादक लेस हार्वे १९७२ साली वेल्समधील स्वान्सी येथे रंगमंचावर असेच गेले. तिथे माइकचे अर्थिंग नव्हते.

आम्ही त्या दिवशी तालीम थांबवली. परवानाधारक वायरमनने नवा प्लग बसवला, भिंतीतले अर्थिंग मोजले आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा सुरक्षा-स्विच लावून दिला. मग दोन्ही अॅम्प्लिफायर एकाच बोर्डावर घेतले. वेटोळे गेले आणि त्याबरोबर गुणगुणही गेली. वायरमनने प्लग खोलला, तेव्हा फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली सापडली. ती मी काचेच्या बरणीत घालून प्रयोगशाळेत ठेवायला दिली आहे.