जंगलफेरी : पावले कमी, लक्ष जास्त

पावसाळा सरत आला की शहरातल्या माणसांना डोंगर-जंगलाची ओढ लागते. मनात हिशेब असतो तो पावलांचा : किती किलोमीटर झाले, किती कॅलरी जळल्या. निसर्ग अभ्यासकासोबतच्या फेरीत मात्र हा हिशेब जमत नाही. दोन तासांत जेमतेम दोन किलोमीटर चालणे होते. मग अशा फेरीचा प्रकृतीला फायदा काय?

मुंबईतल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घ्या. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या जंगलाला लागूनच, गोरेगावात, १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. जाणकार सोबत असला की इथे प्रत्येक वळणावर थांबावे लागते. सागाचे कोवळे पान चुरगळले की बोटे लाल होतात. त्याच सागाच्या जुन्या पानांची पावसाळ्याअखेरीस अळ्यांनी चाळण केलेली असते. उतारावरची करवी सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते आणि बी धरून वाळून जाते. एकटे गेलो तर हे सगळे नुसते ‘हिरवे’ दिसते.

हे लक्ष देऊन पाहणेच मनाला उपयोगी पडते, असे संशोधन सुचवते. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी साठीपुढच्या पन्नासेक जणांना आठ आठवडे, आठवड्यातून पंधरा मिनिटे चालायला सांगितले. निम्म्यांना वाटेतल्या नवलाच्या गोष्टी शोधायची सूचना होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नुसते चालणाऱ्यांपेक्षा हा गट अधिक आनंदी आढळला. त्याआधी २०१९ मध्ये, इंग्लंडमधील सुमारे वीस हजार लोकांच्या पाहणीत आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे अधिक प्रमाणात सांगितले होते. अर्थात, निसर्गामुळेच ती चांगली राहिली, असे अशा पाहणीतून सिद्ध होत नाही.

शिवाय ही फेरी व्यायामाची जागा घेत नाही. प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम हवा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. थांबत-थांबत चालण्याने तो होत नाही. पण गुडघे कुरकुरतात किंवा दम लागतो म्हणून डोंगरापासून दूर राहिलेल्यांना हा वेग झेपतो.

जाताना पायभर कपडे, बंद बूट आणि पुरेसे पाणी हवे. मधुमेह असेल तर खाऊ, दमा असेल तर इनहेलर खिशात ठेवा आणि आपला आजार फेरीच्या प्रमुखाला आधीच सांगा. दगडाखाली, बिळात हात घालू नका. साप चावलाच तर जखम कापणे, चोखणे किंवा करकचून बांधणे टाळा. चावलेला भाग न हलवता तडक रुग्णालय गाठा.