रॉकेलचं घमेलं आणि थरथरणारं पाणी

आमच्या अब्बांचं सायकलचं दुकान होतं. दुकानात शिरलं की पहिला वास यायचा तो रॉकेलचा. ओव्हरऑइलिंगला आलेली सायकल सकाळी खोलली जायची आणि दुपारपर्यंत तिचे छर्रे, कप, कोन, चेन, फ्रीव्हील असं सगळं एका घमेल्यात रॉकेलमध्ये पडलेलं असायचं. ब्रशनं ते घासायचं काम आम्हा पोरांकडं. शाळेत वही उघडली की पानांनाही तोच वास. अब्बांच्या बोटांची कातडी बारा महिने फाटलेली असे. रॉकेल मळाबरोबर कातडीतलं तेलही काढून नेतं, हे त्यांना ठाऊक होतं. पण दुसरा इलाज ठाऊक नव्हता.

मी कवितेच्या नादी लागलो, दुकान पुतण्याकडं गेलं. त्यानं एकदा सराफाकडं एक स्टीलची पेटी पाहिली. पाण्यात अंगठी सोडली, बटण दाबलं आणि नक्षीतला मळ धुरासारखा बाहेर आला. ‘चाचा, चेनसुद्धा अशीच निघेल,’ तो म्हणाला. दातांच्या डॉक्टरांकडं, घड्याळजींकडंही हेच यंत्र असतं. नाव अल्ट्रासॉनिक क्लीनर.

त्यात होतं काय? टाकीच्या तळाला खालून खास चकत्या चिकटवलेल्या असतात. वीज मिळाली की त्या थरथरतात. विजेचा आणि दाबाचा हा संबंध पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये स्फटिकांत दाखवून दिला होता. आपल्या कानाला सेकंदाला फार तर २०,००० कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. ही टाकी साधारण ४०,००० वेळा थरथरते. पाणी इतक्या वेगानं दाबलं आणि ताणलं गेलं की त्यात डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे तयार होतात आणि लगेच फुटतात, म्हणजे आतल्या आत मिटतात. मिटताना पाण्याची बारीक पण जोरकस धार वस्तूवर आदळते. असा बुडबुडा मिटताना केवढा दाब निर्माण होतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं, ते जहाजांच्या पंख्यांची झीज समजून घेताना. जी गोष्ट पंखा खाते, तीच मळ काढते. चेनमध्ये शंभरावर कड्या, प्रत्येकीत पिन आणि रोलर. तिथं ब्रशचा केस पोचत नाही, बुडबुडा पोचतो.

पुतण्यानं यंत्र आणलं आणि पहिल्याच आठवड्यात पस्तावला. साध्या पाण्यात ग्रीस निघेना, म्हणून त्यानं कॉस्टिक सोडा टाकला. एका गिऱ्हाईकाचं ॲल्युमिनियमचं दातेरी चक्र आत गेलं लखलखीत आणि बाहेर आलं काळपट, खरबरीत. कॉस्टिक ॲल्युमिनियमला खातो. वर रंगीत मुलामा असेल तर तोही जातो. चक्र भरून द्यावं लागलं. महिन्याची कमाई त्यात गेली.

त्याहून वाईट गोष्ट थोडक्यात टळली. कुणीतरी सुचवलं, ‘टाकीत रॉकेलच ओत, नाहीतर पेट्रोल.’ हे कधीही करू नये. टाकीच्या खाली वीज, बाजूला हीटर, आणि त्या थरथरीनं द्रवाचं बारीक धुकं उडतं. भडका उडायला एक ठिणगी बास. स्पिरिट, थिनर यांनाही तोच नियम. टाकीत पाणी आणि पाण्यात मिसळणारा सौम्य साबणच हवा. भांड्यांचं लिक्विड थोडंसं घातलं तरी चालतं; चिवट ग्रीसला ॲल्युमिनियमला चालेल असं लिहिलेला डीग्रीझर, बाटलीवर सांगितलेल्या प्रमाणात.

घेताना काय पाहावं? चश्मे धुवायची अर्ध्या लिटरची डबी चेनसाठी निरुपयोगी. घरच्या एका सायकलीच्या चेनला दोन-तीन लिटरची टाकी पुरते. दातेरी चक्रं धुवायची तर सहा लिटरच्या आसपास हवी. विकणारा वॉट मोठे सांगतो, त्यात हीटरचेही धरलेले असतात. थरथरीचे वॉट किती, हे वेगळं विचारा. हीटर मात्र हवाच, पन्नास-साठ अंशांना ग्रीस सैल पडतं. मोठ्या टाकीला खाली तोटी नसेल तर घाण पाणी ओतताना कंबर धरते.

वापरताना आधी जाड चिखल ब्रशनं काढावा. रेती तळाला बसली तर टाकीचा पत्रा झिजतो. नवीन पाणी असेल तर रिकामंच पाच-दहा मिनिटं चालवावं, विरघळलेली हवा निघून गेली की मारा जोरकस होतो. भाग जाळीच्या टोपलीत ठेवावेत, तळाला टेकवू नयेत. पाच ते दहा मिनिटं, मग उलटवून पुन्हा तेवढीच. चालू टाकीत बोट घालू नये आणि टाकी कोरडी चालवू नये. काम होतंय की नाही ते पाहायचं तर स्वयंपाकघरातल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा मिनिटभर पाण्यात उभा धरावा, चिमट्यानं. त्यावर सुरकुत्या आणि टाचणीएवढी भोकं पडली की यंत्र ठीक.

बंद बेअरिंगं आत टाकू नयेत. सीलमधून पाणी शिरतं, ग्रीस धुपतं आणि मग ती कुरकुरतात. कार्बनचे भाग आणि रंगवलेले भागही बाहेरच बरे. फ्रीव्हीलच्या आतलं तेल जातं, ते नव्यानं घालावंच लागतं. चेनचंही तसंच. धुतलेली चेन इतकी स्वच्छ असते की रात्रभर ओली राहिली तर सकाळी तांबूस. म्हणून साध्या पाण्यानं खळबळून, फडक्यानं पुसून, गरम हवेनं किंवा कडक उन्हात आतपर्यंत वाळवायची, प्रत्येक रोलरवर तेलाचा एकेक थेंब सोडायचा आणि वरचं जादा तेल पुसून टाकायचं. पुतण्या आधी यातच घाई करायचा. दोन गिऱ्हाइकं ‘चेन ओरडते’ म्हणून परत आली, तेव्हापासून तो थेंब मोजतो.

काळं पाणी तो गटारात सोडत नाही. बादलीत दोन दिवस ठेवतो, वरची तेलाची साय आणि तळचा गाळ वेगळ्या डब्यात भरतो. तो डबा भंगारातलं जुनं इंजिन ऑइल नेणारा माणूस नेतो. अब्बांचं घमेलं अजून दुकानात आहे. त्यात आता धुतलेल्या चेन सुकायला पडतात.