पेशी येतात कुठून?

श्रोतेहो, पावसाळा सरता सरता डेंग्यूची साथ येते आणि अकोटच्या माझ्या दवाखान्यात एकच प्रश्न सुरू होतो, "डॉक्टरसाहेब, पेशी किती झाल्या जी?" मागे एका आजोबांच्या नातवाचा आकडा ४० हजार आला. नेहमीचा आकडा दीड ते साडेचार लाख. आजोबा उसने पैसे घेऊन प्लेटलेटसाठी अकोल्याला निघाले होते. मी त्यांना बसवून घेतले आणि जे सांगितले, तेच आज सांगतो.

या पेशी म्हणजे प्लेटलेट. जखम झाली की त्या एकमेकींना चिकटून रक्त थांबवतात. खरे तर त्या पूर्ण पेशी नव्हेतच; एका मोठ्या पेशीचे ते तुकडे. अमेरिकेतील जेम्स होमर राइट यांनी हे १९०६ साली दाखवून दिले. ही मोठी पेशी हाडांच्या आतल्या मज्जेत राहते. तिचे नाव मेगाकॅरिओसाइट.

इतर पेशी वाढल्या की एकीच्या दोन होतात. ही दुभंगत नाही. आतल्या गुणसूत्रांचे संच तेवढे वाढवत जाते. नेहमीच्या पेशीत दोन संच. हिच्यात सोळा, बत्तीस, कधी चौसष्टही. काही दिवसांनी ती पिकते. मग पेळूतून सूत निघावे तसे तिचे लांब धागे शेजारच्या रक्तवाहिनीत उतरतात आणि रक्ताच्या ओघात त्यांचे तुकडे पडतात. एकीपासून हजारावर प्लेटलेट होतात आणि त्या ७ ते १० दिवस जगतात.

या कारखान्याला हुकूम देते थ्रोम्बोपोएटिन हे संप्रेरक. ते मुख्यतः यकृतात बनते आणि प्लेटलेट ते शोषून घेतात. प्लेटलेट घटल्या की ते रक्तात जास्त उरते आणि मज्जेचे काम वाढते.

डेंग्यूत मज्जेचे काम काही दिवस मंदावते, रक्तातल्या प्लेटलेटही नष्ट होतात. विषाणू ओसरला की आकडा बहुधा आपोआप चढतो. म्हणून रक्तस्राव नसताना निव्वळ अशा आकड्यासाठी प्लेटलेट चढवून फायदा होत नाही. खरा धोका रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपण्याचा, तोही ताप उतरताना. पोटात जोराची कळ, सारख्या उलट्या, गार हातपाय, सुस्ती, कुठूनही रक्त, यांपैकी काही दिसले तर तत्काळ दवाखाना गाठा. तापाला अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन घेऊ नका.

त्या नातवाला दाखल करून आम्ही नाडी, रक्तदाब, लघवी यांवर नजर ठेवली. तिसऱ्या दिवशी आकडा ९० हजार झाला. आजोबांनी उसने पैसे परत केले.