तुटले तरी पुन्हा वाढते
ओहोटीला जुहूच्या खडकांवर स्पंज आणि समुद्रफुले उघडी पडतात. असे साधे सागरी जीव हरवलेला अवयव पुन्हा घडवू शकतात. त्यामागची ताकद अनेकदा मूलपेशींची असते: या पेशी सतत विभागतात आणि गरजेप्रमाणे वेगवेगळ्या पेशींचे रूप घेतात.

स्पंज : १९०७ मध्ये एच. व्ही. विल्सन यांनी स्पंज बारीक कापडातून पिळून त्याच्या पेशी सुट्या केल्या. त्या पुन्हा जुळून आल्या आणि त्यांतून नवे स्पंज घडले.

हायड्रॅक्टिनिया : संन्यासी खेकड्याच्या शंखावर वाढणारा जीव. डोके कापले, की मूलपेशी जखमेकडे सरकतात. दोन-तीन दिवसांत नवे डोके येते.

हायड्रा : समुद्रफुलांचा गोड्या पाण्यातला नातलग. शरीराच्या लहानशा तुकड्यातूनही पूर्ण हायड्रा वाढतो. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर दीर्घकाळ संशोधन झाले असून तिथल्या एका वाणाला ‘इंड-पुणे’ असे नाव आहे.

आणि माणूस? आपली त्वचा भरून येते, यकृत बऱ्याच अंशी वाढते. तुटलेला हात मात्र उगवत नाही.

किनाऱ्यावर जाताना : जीवांवर पाय देऊ नका, ते खरवडू नका. पुन्हा वाढण्यासाठीही त्यांना स्वच्छ पाणी आणि शाबूत खडक लागतो.